झुलीखालचा काटा

चातुर्मास संपून साधू-साध्वीजींचे विहार सुरू झाले आणि तुळशीची लग्ने लागली, की आपल्या घरांमध्ये वरघोड्यांचे आणि वरातींचे दिवस येतात. कुठे दीक्षार्थीचा वरघोडा, कुठे उपधानाच्या माळारोपणाची मिरवणूक, कुठे जिनालयाच्या प्रतिष्ठेची शोभायात्रा, आणि या सर्वांच्या मधून लग्नसराई. ‘वरघोडा’ या शब्दातच घोडा बसलेला आहे. तरीही मिरवणुकीच्या खर्चाचा अंदाज मांडताना आपण सर्वांत कमी विचार करतो तो याच जिवाचा. बँडमध्ये माणसे किती, फेटे कोणत्या रंगाचे, फुले दादरहून आणायची की कल्याणहून, यावर दोन-दोन बैठका होतात. घोडीविषयी मात्र दोनच प्रश्न विचारले जातात. पांढरी आहे ना? आणि भाडे किती?

या महिन्याच्या लेखाचा विषय आहे त्या पांढऱ्या कातडीत शिरणारा काटा. एवढ्याशा काट्यावर अख्खा लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ‘काट्याचा नायटा’ हा वाक्प्रचार मराठीत उगीच रूढ झालेला नाही, आणि घोड्याच्या बाबतीत काटा रुतण्यापासून मृत्यूपर्यंतचे अंतर कधीकधी अवघ्या दोन आठवड्यांचे असते.

भिवंडी तालुक्यातील पूर्णा हे गाव आपल्या व्यापारी वाचकांना नव्याने सांगावयास नको. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गोदामांची रांगच लागते. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल उतरवून ठेवणे सोयीचे होते, म्हणून ही वस्ती वाढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, पण गोदामे राहिली, उलट वाढली. बँकेत असताना तारणमालाच्या तपासणीसाठी या पट्ट्यात माझे वरचेवर जाणे होई. तेव्हा जे पाहिले त्यात गोदामांइतकीच गोदामांच्या मधली जमीनही लक्षात राहिली आहे. एके काळची ही भातखाचरे. आता कुठे भराव घातलेला, कुठे वारसांचा दावा कोर्टात अडकलेला, कुठे मालक नुसताच भावाची वाट पाहणारा. माणसाने सोडलेल्या अशा जमिनीचा ताबा प्रथम वेडी बाभूळ घेते. तिला नांगर लागत नाही, पाणी लागत नाही, आणि खाडीच्या खारेपणाचेही तिला वावडे नाही.

लग्नाच्या घोड्या सांभाळणाऱ्या माणसाला शहरात तबेला परवडत नाही. मग तो अशाच एखाद्या भिंतीच्या आडोशाला, पत्र्याच्या छपराखाली जनावर बांधतो आणि हंगाम नसताना तिथल्याच गवतावर सोडतो. भाद्रपद-आश्विनात गवत उंच असते आणि खालचे काटे दिसत नाहीत. घोडी चरताना तोंड आणि पुढचे पाय झुडपात घालते, माश्यांनी सतावली की अंग खोडाला घासते, आणि लोळावेसे वाटले की जिथे मोकळे दिसेल तिथे लोळते. काटा शिरायला यापैकी कोणतेही एक निमित्त पुरते.

सगळे काटे सारखे नसतात, आणि कोणता काटा लागला हे ओळखता आले तर पुढचे अर्धे काम सोपे होते. आपल्या साध्या बाभळीचा काटा पांढरा, सरळ, जोडीने येणारा. तो लांब असला तर आत शिरल्यावरही बाहेर टोक राहते. वेडी बाभळीचा काटा अधिक कठीण. टायरमधून आरपार जाणारा हा काटा गोदामांवर येणाऱ्या टेम्पोवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. बोरीच्या जोडीत एक काटा सरळ आणि दुसरा वाकडा. तो वाकडा निघताना कातडी फाडून निघतो, म्हणून त्याला सरळ ओढणे चुकीचे. करवंदीचा काटा आखूड पण दणकट. घाणेरी आत फारशी रुतत नाही, ओरबाडते. सर्वांत फसवा फड्या निवडुंग. त्याच्या मोठ्या काट्यांकडे सर्वांचे लक्ष जाते. पण त्या काट्यांच्या बुडाशी केसांसारख्या बारीक कुसळांचे झुपके असतात, ते शेकड्यांनी अंगात शिरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. या सर्वांत भर म्हणून पडक्या कुंपणाची गंजकी काटेरी तार आहेच.

“एवढे मोठे जनावर, त्याला काट्याचे काय?” असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तेवढीच जागा थरथरते, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. ज्या कातडीला माशीचे पाय कळतात, तिला काटा कळत नाही असे मानायला मोठेच धाडस हवे. ज्यांना शास्त्राचा आधार हवा त्यांच्यासाठी सांगतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी घोड्याच्या पुठ्ठ्याची आणि माणसाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्वचेच्या वरच्या थरातील मज्जातंतूंच्या टोकांच्या संख्येत दोघांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. घोड्याची कातडी एकंदरीत जाड असते हे खरे, पण ती जाडी वेदना जाणणाऱ्या थराच्या खाली असते. फरक एवढाच की घोडा ओरडत नाही. कुत्रे केकाटते, गाय हंबरते. घोडा बहुधा गप्प उभा राहतो, फार तर कान मागे टाकतो, एका पायावरचा भार काढतो, किंवा तंग आवळताना मान वळवून चावायला येतो. मग आपण म्हणतो, घोडी खोडकर आहे.

म्हणून घोड्याचा काटा हाताने शोधायचा असतो. त्यासाठी वेळ खराऱ्याची. पूर्वीचे मोतद्दार घोडा बाहेरून आला की आधी खरारा करीत आणि चंदी नंतर देत. त्यात स्वच्छतेइतकाच तपासणीचा भाग होता. आधी केसांच्या दिशेने आणि मग केसांच्या उलट, उघडा तळहात सावकाश फिरवायचा. छाती, दोन पुढच्या पायांच्या मधली जागा, पोटाखाली तंग बसतो तो पट्टा, मांडीची आतली बाजू, गुडघे, आणि खुराच्या वरचा सांधा. डोळ्यांना न दिसणारा काटा बोटाला तांदळाच्या कण्यासारखा लागतो. एखादी जागा इतरांपेक्षा गरम वाटली, कुठे हरभऱ्याएवढी गाठ लागली, कुठे केस चिकटून खपली झाली असली, तर तिथे थांबायचे. इंग्लंडमध्ये काटेरी कुंपणांवरून घोडे उडवणाऱ्या शिकारी मंडळींच्या तबेल्यातही परतल्यावर पाय धुऊन असाच हात फिरवण्याची रीत आहे. ती शिकार आपल्याला मान्य होण्यासारखी नाही, पण ही रीत घेण्यासारखी आहे.

काटा सापडला आणि तो मांसल भागात, वरवर रुतलेला, टोक बाहेर असलेला असा असेल, तर तो घरच्या घरी निघतो. एकाने म्होरकी धरून घोडीला शांत करावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून काम करावे, पाठीमागे कधीही नाही. मीठ घातलेल्या कोमट पाण्याने जागा धुवावी. केस आड येत असतील तर कात्रीने कापावे. स्वच्छ, उकळलेल्या चिमट्याने काटा कातडीच्या अगदी जवळ धरावा आणि ज्या कोनातून शिरला त्याच कोनातून हलक्या, न थांबणाऱ्या ओढीने काढावा. हिसका दिला की तो मोडतो. आजूबाजूची कातडी दाबून पिळू नये; त्याने काटा बाहेर येण्याऐवजी मोडून खोल जाऊ शकतो. काढल्यावर टोक शाबूत आहे का ते पाहावे, आणि पोव्हिडोन आयोडिन पाण्यात चहाच्या रंगाइतके पातळ करून जखम धुवावी. निवडुंगाच्या कुसळांसाठी चिमट्याचा उपयोग नाही. हातमोजे घालून रुंद चिकटपट्टी त्यावर दाबावी आणि ओढून काढावी, असे पुन्हा पुन्हा. काटा कातडीखाली गेला असेल आणि दिसत नसेल, तर सुईने उकरू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याचा शेक दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन दिवस द्यावा. पुष्कळदा शरीरच त्याला वर ढकलते.

आपल्याकडे काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देण्याची, रुईचा चीक लावण्याची, गूळ-चुना बांधण्याची चाल आहे. माणसांनी आपल्या टाचेवर काय करावे हा त्यांचा प्रश्न. घोड्याला यातले काही लावू नये. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. गॅरेजमधले जळके ऑइल जखमेवर ओतण्याचा प्रकार तर मी स्वतः पाहिला आहे. काट्याने काटा काढावा ही म्हण राजकारणात चालते, तबेल्यात नव्हे. आणखी एक. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊन घोडी वरातीपुरती उभी करणे हा उपचार नव्हे. ती दुखण्यावर घातलेली दुसरी झूल आहे.

काही ठिकाणचा काटा मात्र काढायचाच नाही. सरळ डॉक्टर बोलवायचा. डोळा आणि डोळ्याभोवतालचा भाग, गुडघा किंवा कोणताही सांधा, पायाच्या मागच्या बाजूची शीर, आणि खुराचा तळवा. सांध्यात बारीकसा काटा शिरला तरी आतल्या द्रवात जंतू वाढतात आणि काही तासांतच घोडा पाय टेकेनासा होतो. तिथे एका दिवसाच्या दिरंगाईने जनावर कायमचे लंगडे होऊ शकते. खुराच्या तळव्यातील मऊ त्रिकोणी भागात काटा किंवा खिळा रुतला असेल, तर तो किती खोल आणि कोणत्या दिशेला गेला आहे हे डॉक्टरांना पाहता आले पाहिजे. आधीच उपटून टाकला तर भोक मिटते आणि खूण नाहीशी होते. काटा हा लाकडाचाच प्रकार असल्याने क्ष-किरणांच्या चित्रात तो सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत बरा दिसतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे. राज्य शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून मुंबई परिसरातल्या मुक्या जनावरांचा आधार आहे.

आत मोडून राहिलेल्या काट्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे. त्याच्याभोवती पू जमतो, फुटतो, जखम भरून येते, केसही उगवतात. घोडीवाला म्हणतो, बरी झाली. पंधरा-वीस दिवसांनी तीच जागा पुन्हा सुजते, फुटते, पुन्हा भरते. बँकेत आम्ही अशी खाती पाहिलेली आहेत. मार्चअखेरीस वरून नियमित, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा थकीत. मूळ दोष आत असेपर्यंत वरच्या नोंदीला अर्थ नसतो. आपल्या शास्त्रकारांनी माया, मिथ्यात्व आणि निदान या तीन दोषांना ‘शल्य’ म्हटले आहे, आणि जो शल्यरहित तोच खरा व्रती अशी व्याख्या केली आहे. शल्य म्हणजे शरीरात रुतून राहिलेला काटा किंवा बाणाचे टोक. शल्यक्रिया हा शब्दही त्यातूनच आला. इतकी वर्षे प्रवचनांतून हा शब्द ऐकताना मला तो केवळ पारिभाषिक वाटत असे. वरून भरलेली आणि आतून पिकलेली जखम बोटाने चाचपल्यावर कळले, की कषाय किंवा पाप असा सर्वसामान्य शब्द न वापरता शास्त्रकारांनी इथे नेमका हाच का निवडला असावा.

आणि धनुर्वात. या रोगाचे जंतू मातीत आणि घोड्याच्याच लिदीत राहतात. प्राणवायू नसलेल्या ठिकाणी ते वाढतात, आणि काट्याने पाडलेले अरुंद, खोल, वरून मिटलेले भोक याहून सोयीची जागा त्यांना मिळणे कठीण. पाळीव प्राण्यांमध्ये धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणारा प्राणी घोडाच. काटा लागल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत, म्हणजे जखम विसरली गेल्यावर, चाल ताठरते, कान खडे होतात, शेपूट उचललेली राहते, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा बुबुळावर सरकतो, जबडा मिटतो. टाळी वाजली तरी सारे अंग आखडते. त्यानंतर उपचार होतात, पण बहुतेक घोडे वाचत नाहीत. हे सगळे टाळणारी लस आहे, आणि तिच्या कुपीची किंमत वरातीतल्या एका फेट्याहून कमी आहे.

आता ज्या कारणाने मला हे लिहावेसे वाटले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी समाजातल्या एका लग्नात वरात दारातून निघाली आणि वीस पावलांवर घोडी अडली. बँड वाजत होता, मंडळी नाचत होती, कोणी नोटा ओवाळत होते. घोडीवाल्याने लगाम ओढला, टाचा मारल्या; ती दोन पावले टाके आणि पुन्हा थांबे. लोक हसले. वराच्या मामांनी रागावून विचारले, “अरे, शिकवलेली घोडी आहे ना?” शेवटी नवरदेव उतरला, झूल वर केली, तेव्हा तंगाच्या पट्ट्याखाली मुठीएवढी सूज दिसली, मध्ये काळा ठिपका, आणि पट्टा ओला. घोडीवाल्याला ते ठाऊक होते. काटा लागून चार दिवस झाले होते. मी त्याला बाजूला घेऊन विचारले तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, “साहेब, बयाणा घेतला होता. नाही म्हटलं असतं तर तो परत द्यावा लागला असता. वर बँडवाल्यानं पुढची तीन लग्नं दुसऱ्याला दिली असती.”

त्याला निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तीच घोडी त्याच्या घरची पोशिंदी होती. ती मेली तर सर्वांत मोठे नुकसान त्याचेच होते. तरीही त्याने काटा लपवला, कारण आमच्या व्यवहारात काटा उघड करणाऱ्याचे नुकसान ठरलेले होते आणि लपवणाऱ्याचे नुकसान केवळ संभाव्य होते. हिशेब शिकलेल्या कोणालाही हे गणित कळेल. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा पडला तर शिलेदाराची पुंजी जात असे, म्हणून तो घोड्याला जपे असे म्हणतात. आपला नवरदेव हा तीन तासांचा बारगीर. त्याची पुंजी कुठेच गुंतलेली नाही.

श्रावकाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी तोडणे. पाचही दोष मुख्यतः जनावर बाळगणाऱ्या माणसाचे आहेत, हे ज्या काळी श्रावकांचा व्यापार बैलांच्या आणि घोड्यांच्या पाठीवरून चाले त्या काळाला शोभणारेच आहे. आज जनावर आपल्या मालकीचे नाही. तेवढ्याने आपली सुटका होते का? करणे, करविणे आणि अनुमोदणे हे तिन्ही आपल्याकडे एकाच पंक्तीत बसवले आहेत. सुजलेल्या जागेवर तंग आवळणारा एक, त्याला त्या दिवशी त्या वेळी उभे राहायला भाग पाडणारे यजमान दुसरे, आणि पुढे नाचणारे आम्ही पाहुणे तिसरे. मला वाटते, या तिघांत करविणाऱ्याचा भाग सर्वांत मोठा आहे, कारण अटी ठरवण्याचे सामर्थ्य फक्त त्याच्याकडे असते.

म्हणून एक व्यवहारी सूचना करतो. घोडी ठरवताना बँडवाल्यामार्फत न ठरवता थेट घोडीवाल्याशी ठरवावी, आणि कागदावर दोन ओळी लिहाव्यात. पहिली: घोडी आजारी किंवा जखमी असल्याचे आदल्या दिवसापर्यंत कळवल्यास बयाणा परत मागितला जाणार नाही. दुसरी: निघण्यापूर्वी यजमानांच्या वतीने एक माणूस झूल आणि खोगीर काढून घोडी पाहील, आणि तंगाखाली, पाठीवर वा तोंडात जखम आढळल्यास वरात पायी निघेल व भाडे ठरल्याप्रमाणे पूर्ण दिले जाईल. पूर्ण भाडे कशासाठी, असे विचारणारे भेटतील. भाडे कापले तर पुढच्या लग्नात काटा पुन्हा झुलीखाली जाईल, म्हणून. लाखो रुपयांच्या समारंभात ही रक्कम कोणत्या रकान्यात मावते ते प्रत्येकाने आपापल्या वहीत पाहावे. शिवाय पायी गेलेल्या नवरदेवाचे काही बिघडत नाही. दीक्षेनंतर जन्मभर अनवाणी पायी विहार करणाऱ्यांचे आपण अनुयायी आहोत.

तोंडातली जखम असे मी मुद्दाम लिहिले. काही लगामांच्या लोखंडी कड्यांना आतून खिळ्यांसारखी टोके असतात. ओढले की ती जिभेत आणि ओठांच्या कोपऱ्यांत घुसतात. बाभळीचा काटा निदान अपघाताने लागतो. हा काटा आपण विकत घेऊन बसवतो. भारवाहक जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांतील आठव्या नियमानुसार टोकदार काठी, काटेरी लगाम, खिळे असलेला साज या सर्वांना बंदी आहे. तरीही प्राणिमित्र संस्थांना पोलिसांना बरोबर घेऊन असे लगाम जप्त करावे लागतात. याचे एक कारण दंडाच्या रकमेत सापडते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. साठ साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात घोडीच्या कपाळावरचा तुराही येत नाही. कायद्याची वाट न पाहता यजमानाने लगाम हातात घेऊन आतून बोट फिरवावे; अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना १८३४ ची. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या पारशी दानशूरांबरोबर आपल्या व्यापारी पूर्वजांनी त्यासाठी सढळ हाताने पैसा दिला. तेव्हापासून आजवर जीवदयेच्या चिठ्ठ्यांना आपल्या समाजात कधी तोटा पडलेला नाही. माझे म्हणणे एवढेच की पांजरपोळात येते ते जनावर बहुधा सर्व नुकसान होऊन गेल्यावर येते. श्वेतांबर परंपरेत भरूचच्या अश्वावबोध तीर्थाची कथा आहे. यज्ञात बळी जाणाऱ्या एका घोड्याला प्रतिबोध देण्यासाठी मुनिसुव्रतस्वामी प्रतिष्ठानपुराहून, म्हणजे आपल्या पैठणहून, एका रात्रीत साठ योजने चालून भरूचला पोहोचले. यज्ञ आटोपल्यावर नव्हे, घोडा जिवंत असताना. आणि तिसऱ्या तीर्थंकरांचे, संभवनाथ भगवंतांचे, लांछन कोणते हे पाठशाळेतले मूलही सांगेल. त्यांच्या प्रतिमेच्या पायथ्याशी कोरलेल्या अश्वाला आपण रोज पाहतो.

धनुर्वाताच्या लशीचे वेळापत्रकही यात सोयीचे बसते. पहिली सुई दिल्यावर चार ते सहा आठवड्यांनी दुसरी द्यावी लागते, आणि पूर्ण संरक्षण यायला आणखी दोन आठवडे जातात. पुढे वर्षाला एक. संवत्सरी भाद्रपदात येते. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण साठ-पासष्ट दिवस हाती असतात. पर्युषणात जीवदयेची जी रक्कम जमते, तिच्यातला लहानसा भाग संघाने पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यातल्या लग्नाच्या घोड्यांसाठी बाजूला काढला, संवत्सरीनंतरच्या रविवारी एक पशुवैद्य बोलावून पहिली सुई टोचून घेतली आणि त्याच बैठकीत प्रत्येक घोडीच्या अंगावरून एकदा हात फिरवून घेतला, तर दुसरी सुई आश्विनात पडेल आणि पहिल्या वरातीच्या आधी सर्व घोड्या सुरक्षित होतील. दुसऱ्या सुईची तारीख घोडीवाल्याच्या लक्षात राहत नाही. ती संघाच्या कार्यालयातील वहीत, घोडीवाल्याच्या फोन क्रमांकासह, लिहून ठेवावी लागेल.